मामांची दलदल

जगात एकाही माणसावर विश्वास न ठेवता सत्तर वर्षं सुखाने जगता येतं, हे माझ्या थोरल्या मामांनी करून दाखवलं. मखमलाबादेत त्यांचा मळा होता. पंचवटीच्या बाजारात भाजी घालून परतताना ते रिक्षावाल्याला उतरायच्या जागेपेक्षा दोन गल्ल्या पुढचं नाव सांगत आणि मध्येच उतरत. आपण जातो कुठे, हे त्याला कशाला कळायला हवं? न्हाव्याकडे त्यांना दोन आरसे लागत, कारण हा मागे काय करतोय ते दिसलं पाहिजे. एकदा डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली, तर मामांनी आधी विचारलं, "कशापायी?"

पण हा संशय खरा फुलायचा तो मळ्याच्या खालच्या अंगाला, दलदलीच्या काठी. नाल्याचं पाणी तिथे पसरून थबकायचं. पाणकणसं माणूसभर वाढलेली, त्यांत बेडूक, पाणकोंबड्या आणि डासही भरपूर. गाव त्या तुकड्याला वाया गेलेली जमीन म्हणे. मामांना मात्र पक्कं ठाऊक होतं की नाल्यातली घाण इथे अडते, पावसाचं पाणी इथे मुरतं, आणि म्हणूनच भर वैशाखात शेजारच्या विहिरी तळ दाखवत असताना आपल्या विहिरीत पोहता येतं. "ही दलदल नाय, गाळणी हाय गाळणी," ते म्हणत, तेही हळूच, कारण कुणी ऐकलं तर डोळा ठेवेल. काठावर कुणी दोन मिनिटं रेंगाळलं की मामा विळा घेऊन हजर.

नव्वदच्या सुमारास एक प्राध्यापक तिथे तिपाईवर दुर्बीण लावून पक्षी बघताना सापडले. तिपाई म्हणजे जमीन मोजणारे, एवढं मामांना पुरेसं होतं. त्यांनी तिपाईसकट दुर्बीण जप्त केली. प्राध्यापकांनी काकुळतीला येऊन त्यांना त्यातून एक पाणकोंबडी दाखवली, तेव्हा मामांनी पुढे जाऊन बोटाने काच खरवडली. "आत चित्र चिकटवलंय," ते माझ्या कानात म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी डोळा लावला आणि "खरी आहे, मामा" म्हटलं. भाचा म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला; प्राध्यापकांना दुर्बीण परत मिळाली, वर टोपलीभर वांगी मिळाली.

माझ्या शब्दाचं हे वजन मामेभावांना चांगलंच माहीत होतं. दहा-बारा वर्षांनी शहर मळ्यापर्यंत आलं, दलदल बुजवून प्लॉट पाडायचं त्यांच्या मनात आलं, आणि संमतीचा कागद घेऊन त्यांनी मलाच पाठवलं. अंबडच्या कारखान्यातली पाळी संपवून मी परस्पर मळ्यावर गेलो. मामांनी कागद वाचलाच नाही. नुसतं विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आता सगळेच करतात, मामा," मी म्हणालो. त्यांनी सही केली.

मुरमाचे ट्रक आले, पाणकणसं गाडली गेली. पुढच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात विहीर आटली. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी गेलो. मामा विहिरीच्या कठड्याशी बसले होते. बिल्डर, ट्रकवाले, स्वतःची मुलं, सगळ्यांवर त्यांचा संशय होता. मला पोटभर शिव्या हव्या होत्या. मामी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी तिला दटावलं, "याला काय बोलू नको. लोकांनी फसवलं त्याला. लय भोळं हाय पोरगं."

मी मान खाली घालून चहा प्यायलो. मामा आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. एकदा तरी घ्यायला हवा होता.