खोक्यावर तेरा, कार्डात अकरा

आदरणीय मन्मथ हत्तरगे सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या नापास होण्यातून झाली. नांदेडजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षाला होते आणि सर तिथे प्रयोगशाळा सहायक होते. प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला आलेल्या संगणकाला वायफाय दिसेचना. शेजारच्या मुलाला दिसत होते. मी तीनदा संगणक बंद करून चालू केला. परीक्षक आले, उभ्याउभ्या पाहिले आणि म्हणाले की चाकूरकडच्या मुलींना मोबाइल चालवता येतो, म्हणून त्यांना वाटते संगणकही येतो. वर्गात हशा झाला. माझ्या कागदावर शेरा पडला : जमले नाही.

मी परीक्षकांची माफी मागितली होती, हे इथे सांगायला हवे. माझे पहिले शिक्षण घरी झाले. लहानपणी सारखी आजारी पडत असल्यामुळे दुसरीपर्यंत आईनेच मला स्वयंपाकघरात पाटीवर शिकवले. गणित चुकले की आधी स्वतःची चूक शोधायची, हा तिचा नियम. तो माझ्या अंगात इतका मुरला आहे की कुणाच्याही हातून चहा सांडला तरी फडके आणायला मीच उठते.

सरांनी तो हशा ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या संगणकातले वायफायचे कार्ड काढले आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाच्या संगणकात बसवले. परीक्षक समोरच होते. त्या मुलालाही वायफाय दिसेना. सर शांतपणे म्हणाले, "आता ह्यालाबी जमंना का, साहेब?"

कारण साधे होते. नेहमीच्या वायफायच्या हवेतल्या वाटा ठरलेल्या असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. आपल्या देशात एक ते तेरा चॅनेल वापरायला परवानगी आहे. आदल्या दिवशी राउटर आपणहून तेराव्या चॅनेलवर गेला होता आणि ते कार्ड अकराव्यापर्यंतच ऐकत होते. कार्डाच्या खोक्यावर मात्र ठळक छापले होते : एक ते तेरा. विभागप्रमुख म्हणाले, गुण तर वर पाठवून झाले. सर त्यांच्या केबिनबाहेर दोन दिवस उभे राहिले. शेवटी तशी कार्डे असलेल्या आम्हा तिघांची परीक्षा पुन्हा झाली.

त्याच आठवड्यात गावी जाताना सर मुद्दाम चाकूरला एसटीतून उतरले आणि घर विचारत आमच्याकडे आले. आईने चुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा ठेवला आणि म्हणाली, "तिचंच कायतरी चुकलं असंल, सर. तुम्ही उगं पाठीशी घालू नका."

"ताई, स्वतःची चूक आधी बघावी, हे खरं हाय," सर म्हणाले. "पण तिथं न्हाई घावली तर पुढं बी बघावं की."

आईने त्यांच्या बशीत आणखी सुशीला वाढला. मला वाटते, माझे दुसरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

सरांचे खरे काम बाहेरच्या फार थोड्यांना माहीत आहे. कुणालाही मोफत घेता येणारी आणि जगभरचे लोक मिळून बनवतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कोणते वायरलेस कार्ड कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, म्हणजे कोणत्या चॅनेलपर्यंत चालते, याची नोंद तिच्या माहितीपानांवर असते. पूर्वी तिथे एकच रकाना होता आणि बहुतेक जण त्यात देशाचा कायदा उतरवून मोकळे होत. कायद्याने काय चालते आणि यंत्राला काय झेपते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सरांनी पत्रांवर पत्रे लिहून पटवले आणि दोन रकाने करून घेतले. आपल्या प्रत्येक ओळीपुढे ते आणखी एक शब्द लिहीत : 'मोजले' किंवा 'सांगितले'. स्वतः तपासले असेल तर मोजले. खोक्यावरून किंवा कंपनीच्या कागदावरून घेतले असेल तर सांगितले.

मोजण्यासाठी त्यांनी लातूरच्या एका तेल गिरणीतून गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणला होता. बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून त्याच्या सांध्यांवर तांब्याची पट्टी चिकटवली होती. कार्ड आणि एक छोटा राउटर डब्यात ठेवायचे, राउटरवर एकेक चॅनेल लावायचे आणि कार्डाला ते ऐकू येते का पाहायचे, प्रत्येक तीनदा. मी शेवटच्या वर्षाला त्यांच्या हाताखाली हे काम करत होते, तेव्हा एकदा घाईत एका कार्डाची ओळ मी खोक्यावरून उतरवली आणि पुढे 'मोजले' लिहिले. महिन्याभराने परदेशातल्या एका माणसाने कळवले की हे खोटे आहे. मला रात्रभर झोप लागली नाही. सरांनी दुरुस्तीत माझे नाव न घेता 'चूक आमची' एवढेच लिहिले आणि मला म्हणाले, "लाज वाटली का, माय? बरं झालं. आता कार्ड आण, मोजू."

अशा माणसाचे आपण काय केले, ते आता लिहिते. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला सुचवले होते की प्रसंग शुभ आहे, तो विषय नको. मी माणसांची नावे वगळली आहेत. विषय वगळता येत नाही.

सर निवृत्तीनंतर त्याच प्रयोगशाळेत करारावर काम करत होते. तेव्हा एका तालुक्यातल्या शाळांना संगणक पुरवले गेले. त्यांतली कार्डेही अकरापर्यंतचीच होती आणि खोक्यांवर पुन्हा तेरा छापलेले होते. शाळांत मुलांना वायफाय दिसेना, आणि त्यांना तेच सांगितले गेले जे मला सांगितले गेले होते : तुम्हाला जमत नाही. राउटर सहाव्या चॅनेलवर बांधून ठेवला असता तर पाच मिनिटांत काम झाले असते. पण त्यासाठी कार्ड कमी पडते हे कुणीतरी कबूल करायला हवे होते. त्यापेक्षा पोरांना अडाणी ठरवणे सोपे होते.

सरांनी कार्ड मोजले, माहितीपानावर ओळ लिहिली आणि शाळांना उपाय कळवला. मग पुरवठादार महाविद्यालयात आले, सरांसाठी शाल घेऊन. बैठक झाली. ओळ चुकीची आहे असे कुणीही म्हटले नाही. फक्त ती काढा, असे म्हणणे होते. वरिष्ठ म्हणाले, कायद्यात तेरा आहेत ना, मग तेरा लिहून टाका, तुमचे काय जाते?

सर म्हणाले, "साहेब, रस्त्यावर ऐंशीची पाटी हाय म्हणून माझी सायकल ऐंशीनं पळती का? माझं मोजणं चुकलं असंल तर डबा इथंच हाय, मोजून दाखवा. आत्ता काढतो."

कुणीही डब्याला हात लावला नाही. शाल टेबलावरच राहिली. पुढच्या महिन्यात सरांचा करार वाढवला गेला नाही आणि डबा भंगारात गेला.

त्या बैठकीत मी होते. मी तेव्हा तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि पुढच्या सत्राचे तास मिळतील की नाही या काळजीत होते. मला सगळे माहीत होते. मी वहीत तारीख लिहीत बसले. त्या खोलीतले आणखी चारपाच जण या ग्रंथात लेख लिहीत आहेत, सरांच्या 'निष्ठेबद्दल' आणि 'साधेपणाबद्दल'. त्यांनीही हे वाचावे. इतक्या वर्षांच्या कामानंतर या माणसाला आपण घरी बसवले आणि आता हार घालायला बोलावले आहे. याची लाज वाटत नसेल तर गौरव हा शब्द आपण वापरू नये.

सर गेल्यावर कुणीतरी माहितीपानावर बदल सुचवला : अकराच्या जागी तेरा, आधार म्हणून खोक्याचे छायाचित्र. सरांकडे मोजायला काही उरले नव्हते. ओळ आता जाणार होती आणि तिच्याबरोबर शाळांना मिळालेल्या उपायाचा आधारही. मी भंगारवाल्याकडून डबा परत आणला. एक कोपरा चेपला होता, तो ठोकून घेतला. त्या तालुक्यातल्या एका मुख्याध्यापिकांनी शाळेचे एक कार्ड लेखी पत्रासह माझ्या हवाली केले. नांदेडच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी प्रत्येक चॅनेल तीनदा लावले, आणि खात्रीसाठी पुन्हा तीनदा. अकरा ऐकू आले. बारा नाही. तेरा नाही. सगळे आकडे मी माझ्या पूर्ण नावाने पाठवले. सुचवलेला बदल नाकारला गेला.

या सत्रात मला तास मिळालेले नाहीत. त्याचा आणि याचा संबंध आहे असे मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही.

सर, हे मी आपल्याला अजून सांगितलेले नाही, कारण त्या दिवशी गप्प का बसले होते हे आधी सांगावे लागले असते. ते आता सांगितले आहे. ओळ जागेवर आहे आणि तिच्याखाली आपल्या नावाशेजारी माझे नाव आहे. साठाव्या वर्षी आपले गुडघे दुखतात, हे मला ठाऊक आहे. आपल्याला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि खरी गोष्ट सांगण्यासाठी यापुढे कुणाच्याही केबिनबाहेर आपल्याला उभे राहावे न लागो. तिथे उभे राहायला आता आम्ही आहोत.