दोनदा म्हणायची जागा

एप्रिल महिन्यात, अमरावतीत, भर दुपारी कूलर बंद करून बसणारी बाई शहाणी असू शकत नाही, असं आमच्या घरात सर्वांचं मत आहे. मला ते मान्य आहे. पण माझे हेडफोन मागच्या बाजूने उघड्या जाळीचे आहेत आणि त्या जाळीतून कूलरची घरघर थेट कानात शिरते. गाणं की गारवा असा प्रश्न आला की मी गाण्याच्या बाजूने कौल देते आणि घामाघूम होऊन ऐकते. कोर्टात आठवडाभर समोरच्या वकिलाचं ऐकून घ्यावं लागतं. रविवारी तरी माणसाने एकतर्फी वागावं.

हा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. टेबलावर पत्त्यांच्या कॅटाएवढी एक धातूची डबी असते. लॅपटॉपमधलं गाणं म्हणजे शेवटी नुसते आकडे. ही डबी त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते आणि हेडफोनला लागेल तेवढा जोर पुरवते. दुकानदार तिला डॅक-अँप म्हणतात. आमच्या घरात तिला तपकिरीची डबी म्हणतात, कारण ती हाताशी नसली की मला करमत नाही.

डबी आली त्या दिवशी मी कॉलेजपासून पाठ असलेलं एक सरोदवादन लावलं. एरवी दोन रिक्षांच्या मधून ऐकावं तसं ऐकलेलं. पाचेक मिनिटांनी श्रोत्यांतला कुणीतरी जरा लवकरच, सम यायच्या आधीच, हळूच ‘वा’ म्हणाला, आणि वाजवणारा नाकातल्या नाकात हसला. इतकी वर्षं तो हसत होता आणि मला पत्ता नव्हता! मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. त्या दिवसापासून माझी एक श्रद्धा बसली: ध्वनिमुद्रणात रिकामी जागा नसते. जिथे आपल्याला काही ऐकू येत नाही, तिथेही कुणीतरी बसलेलं असतं.

आता बाबांकडे यायला हवं, कारण ही गोष्ट त्यांची आहे.

बाबा अकोल्यात राहतात. तरुणपणी ते परतवाड्याच्या शाळेत शिक्षक होते, पण घराणं भिक्षुकीचं, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी पौरोहित्य हाती घेतलं आणि लोकही त्यांना मास्तरांऐवजी गुरुजी म्हणू लागले. रोज पहाटे देवासमोर त्यांचा पाठ चाले. लहानपणी मी देवघराच्या चौकटीत बसून तो ऐकायची. मला शाळा मिळाली, कॉलेज मिळालं, काळा कोट मिळाला. संथा मात्र मिळाली नाही. संथा म्हणजे वेद शिकवायची आमच्याकडची रीत: शिकवणाऱ्याने ओळ एकदा म्हणायची, शिकणाऱ्याने ती दोनदा म्हणायची, की पुढची ओळ. घरातल्या मुलीलाही ती देता येईल हे बाबांना सुचलं नाही, आणि आपण मागावी हे मला सुचलं नाही.

मागच्या हिवाळ्यात अकोल्यातच एका ओळखीच्यांकडे वास्तुशांत होती. तिथे पुण्याहून आलेले एक पाहुणे होते, वेदपाठाचे दर्दी. जेवणं झाल्यावर त्यांनी बाबांना सर्वांसमोर विचारलं, ‘‘गुरुजी, ‘प’च्या आधीचा विसर्ग तुम्ही गिळता. तो ओठांतून यायला हवा ना?’’

वाचकांसाठी सांगते. विसर्ग म्हणजे ‘नमः’च्या पुढची ती दोन टिंबं. त्यांच्यानंतर ‘प’ आला की काही घराण्यांत तिथे ओठांतून हलकीच फुंकर सोडतात, चुलीतला निखारा जागा करावा तशी. पुस्तकात टिंबंच छापलेली असतात. फुंकर सोडायची की नाही हे तोंडातून तोंडातच शिकायचं. बाबा ती सोडत नसत.

‘‘आमच्या घरचा पाठ असाच हाये,’’ बाबा म्हणाले.

‘‘म्हणजे चूकही पिढीजात!’’ पाहुणे म्हणाले, आणि वऱ्हाडातली माणसं बोलतानाही ‘ह’ खातात, ‘आम्ही’चं ‘आमी’ करतात, असंही त्यांनी वर जोडलं. मंडळी हसली. मी तिथे असते तर सांगितलं असतं की आम्ही ‘ह’ खात नाही, जपून वापरतो. ‘माझा’मधला ‘झ’ काढून तिथे बसवतो आणि ‘माहा’ म्हणतो. पण मी तिथे नव्हते, आणि बाबांना तोंडाला तोंड देता येत नाही.

त्या दिवसानंतर बाबांनी पाठ बंद केला. बाहेरचाही आणि घरचाही. आईचा फोन आला, ‘‘सकाळचं घर मुकं झालं वं. पूजा करतेत, पन तोंडातून शब्द नाई काढत.’’ मी तडक अकोला गाठलं आणि वकिलीतल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. दुसऱ्या घराण्यांचे दाखले दिले, पाहुण्यांच्या अकलेचा पंचनामा केला. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘तो माले बोलला असता तर चाललं असतं. तो माह्या बापाले बोलला.’’

तेव्हा मला कळलं की हे दुखणं कुठलं आहे. रोजच्या पाठातली ही सूक्तं बाबांनी आजोबांकडून समोर बसून घेतलीच नव्हती. संथा जेमतेम सुरू झाली होती, तेवढ्यात परतवाड्याला नोकरी लागली आणि ती तुटली. आजोबांनी मग कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला, अकोल्यात बसून सूक्तं कॅसेटवर म्हटली आणि कॅसेट यष्टीने येणाऱ्या माणसाबरोबर परतवाड्याला पाठवली. प्रत्येक ओळीनंतर त्यांनी बरोबर जागा सोडली होती, मुलाला दोनदा म्हणता यावं एवढी. बाबा भाड्याच्या खोलीत ती कॅसेट लावत आणि त्या जागा भरत. पाठ झाल्यावर सुट्टीत घरी जाऊन आजोबांना म्हणून दाखवायचा होता. त्याआधीच आजोबा गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही.

‘‘आता कोन सांगन?’’ बाबा म्हणाले. ‘‘त्यायनंच चुकीचं सांगतलं, का मी चुकीचं ऐकलं? लय येळा लावली कॅसेट, फुंकर काई ऐकू येत नाई. मंग पाहुना म्हनते तेच खरं म्हनायचं.’’

देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली कॅसेट होती. मी ती मागून घेतली. बाबांनी ती देताना दोन्ही हातांनी दिली.

अमरावतीला आल्यावर इतवारा बाजारातल्या जुन्या सामानातून एक बरं टेपडेक मिळवलं, त्यावरून कॅसेट लॅपटॉपमध्ये घेतली, आणि रविवारी दुपारी कूलर बंद करून बसले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आजोबा चुकलेले निघाले असते तर ते मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

आधी खरखर, मग आजोबा. बाबांपेक्षा जाड आवाज, शब्दांवर ठाम बसणारा. मी ‘प’ची पहिली जागा आली तशी श्वास रोखला. फुंकर नव्हती. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. स्वर दणक्यात येत होता आणि त्याच्या शेपटीला काही नाही, थेट ‘प’. दुसरी जागा, तिसरी जागा, तेच. हात कपाळाला लावून मी तशीच बसले. फाइल चालू राहिली, ओळ संपली आणि ती रिकामी जागा आली.

जागा रिकामी नव्हती.

खरखरीच्या खाली काहीतरी सरकत होतं. मी डबीचा आवाज वाढवला. कुजबुज होती. आधी वाटलं, कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो, त्यातलाच प्रकार असेल. पण तसा आवाज म्हणजे आधीच्याच आवाजाची फिकी छाप. इथे सूर नव्हताच, नुसता श्वास होता आणि चालही निराळी, जराशी घाईची. ती ओळ होती. एकदा झाली, आणि मग दुसऱ्यांदा झाली.

आजोबा मुलाची जागा मोजत होते. समोर मुलगा नाही, तो परतवाड्याला. किती थांबायचं ते कळावं म्हणून स्वतःच ओठातल्या ओठात त्याच्या वाटणीचं दोनदा म्हणत होते. आणि कुजबुजीत सूर नसतो, श्वासच असतो; त्यामुळे ‘प’च्या आधीची फुंकर स्वच्छ ऐकू येत होती. पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही.

हे असं कसं झालं ते नंतर डोक्यात शिरलं. त्या काळच्या साध्या टेपरेकॉर्डरला स्वतःचे कान सांभाळायची खोड असे. मोठा आवाज आला की तो कान आखडून घेई आणि शांतता पसरली की हळूहळू टवकारी. त्यामुळे खणखणीत स्वराला चिकटून आलेली फुंकर त्याने गिळली, आणि कुणी ऐकू नये असं जे होतं ते मात्र सगळं जपून ठेवलं. परतवाड्याच्या खोलीतल्या त्या टिनपाट स्पीकरमधून ते बाहेर येणं शक्यच नव्हतं. शिवाय त्या जागेत बाबा स्वतः मोठ्याने म्हणत असणार. बाप आणि मुलगा एकाच वेळी एकच ओळ म्हणत होते, आणि मुलाच्या आवाजाखाली बाप दबून गेला होता. मी रडले. कूलर बंद असल्याचा एक फायदा, घाम आणि अश्रू वेगळे पुसावे लागत नाहीत.

पुढच्या शनिवारी डबी, हेडफोन आणि लॅपटॉप पिशवीत घालून मी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याची यष्टी पकडली.

‘‘हा काय मुकुट घालून राहिली माह्या डोक्यावर?’’ बाबा म्हणाले. बाबांना बीपीची गोळी आहे, गुडघे गेलेत, पण कान तरुणाचे आहेत. मी काही सांगितलं नाही. साक्षीदाराला आधी पढवू नये. एवढंच म्हटलं, ‘‘बाबा, ओळ संपली की गप्प राहा. तुम्ही म्हणू नका.’’

हे त्यांना फार जड गेलं. ओळ संपली की त्यांचे ओठ आपोआप हलू लागत, आणि मी तोंडावर बोट ठेवून खुणावायची. दोन ओळी गेल्या. तिसऱ्या जागेत बाबांचा हात वर आला आणि तसाच थांबला. त्यांनी हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरले. डोळे मिटलेले. आई स्वयंपाकघरातून आली आणि हातातली पळी खाली ठेवायची विसरून उभी राहिली.

‘‘ते म्हनून राहिले,’’ बाबा म्हणाले. कानावर हेडफोन असल्याने त्यांचा आवाज नको इतका मोठा आला. ‘‘माह्यासंगं म्हनून राहिले ते.’’

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘‘म्हनजे चूक माही हाये. त्यायची नाई.’’

एवढ्या आनंदाने स्वतःची चूक कबूल करणारा माणूस मी इतक्या वर्षांच्या वकिलीत पाहिलेला नाही. मी टेपरेकॉर्डरची बाजू सांगायला गेले, ते कान आखडण्याचं वगैरे. त्यांनी हातानेच थांबवलं. ‘‘त्या मशीनले कायले मधात आनतं? माहीच हाये. मी गप्प बसलो असतो तर ऐकू आलं असतं.’’ मग आईकडे वळून म्हणाले, ‘‘बुवा बरोबर होते वं.’’ बुवा म्हणजे त्यांचे वडील. आईने पदराने डोळे टिपले आणि पिठलं लागेल म्हणत आत गेली.

सकाळी मला त्यांच्या आवाजानेच जाग आली. मी जाऊन चौकटीत बसले, माझ्या जुन्याच जागेवर. हेडफोन आणि डबी देव्हाऱ्याजवळच्या पाटावर वायर गुंडाळून ठेवलेली होती. बाबांनी ओळ म्हटली. ‘प’च्या आधी ओठांतून फुंकर आली, नवशिक्याची, जरा जास्तच जोराची, समोरच्या समईची ज्योत हलली. मग ते थांबले.

मला वाटलं, आठवत असतील. थोड्या वेळाने त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबले. मी वाट पाहत राहिले. तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

‘‘कावून गप्प बसली? दोनदा म्हनायचं असते.’’

मी चौकटीतून उठून आत जाऊन बसले. कोर्टात दणाणणारा माझा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा फुंकर राहून गेली. दुसऱ्यांदा मी म्हणायला लागले तेव्हा माझ्या आवाजाखाली बाबांचे ओठ हलत होते.