भाव पडायची वाट

“काका, आता बायकांच्या खोलीत एकच जागा उरलीय,” क्रूझची बुकिंगवाली फोनच्या स्पीकरवर म्हणाली. मी विरजण मागायला शेजारी गेले होते. शेजाऱ्याच्या बायकोचं तोंड एवढंसं झालं. क्रूझचं ती दिवाळीपासून म्हणत होती.

आमचा शेजारी नेरूळच्या बाजारात भाजीवाले उठायला लागले की मेथी घेतो. जहाजाचंही त्याने तेच केलं. “घाई कशाला? शेवटी रिकाम्या खोल्या घेऊन समुद्रात जाणारेत का?”

आताही तो म्हणाला, “थांबतो. उद्या अजून उतरेल.”

बायकोने फोन ओढून घेतला. “माझं नाव घाल गं. यांना थांबू दे इथेच.”

ती मजेत जाऊन आली. तोवर तो दोन्ही वेळा माझ्याकडे जेवला आणि माझ्या आमटीला नावं ठेवत राहिला. सोसलं ते मी.