झहूरभाईंची शेवटची रदबदली

कुवेतच्या राई भागातल्या टायरच्या गोदामात काम करणारे रत्नागिरीचे झहूरभाई आमच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर होते. काम एकच. आमचा स्टार फॉरवर्ड तल्हा कुणाच्या अंगावर गेला की त्याच्या वतीने माफी मागायची.

या शुक्रवारी अबू हलीफा भागातल्या मैदानावर तल्हा रेफ्रीच्या तोंडावर थुंकला. तक्रार लिहिली गेली तर संघ लीगबाहेर जाणार होता. साठीचा रेफ्री बाहीनं गाल पुसत होता, आणि आम्ही चहा पीत तल्हाची थोरवी ठरवत होतो.

“असा फॉरवर्ड कुवेतमध्ये नाही,” मयूर म्हणाला.

“अख्ख्या आखातात दाखव! आग आहे गड्यात,” आलोक म्हणाला. “झहूरभाई, जा की. तुमचं ऐकतात.”

“चाचा, थोडं रडून दाखवा,” शवर्मा चावत तल्हा म्हणाला.

झहूरभाई गेले. रेफ्रीला स्वतःचा रुमाल दिला, दोन शब्द बोलले आणि परत आले.

“मिटलं?” मयूरनं विचारलं.

“त्यांना म्हटलं, तक्रार लिहा. साक्षीदार म्हणून माझं नाव घाला.”

परतताना आम्ही त्यांना गाडीत घेतलं नाही. तल्हा कुवेतमध्ये पहिला की आखातात, हा वाद गाडी एगैला भागात पोचली तरी सुटला नव्हता.