वैजू दोनदा परत आत गेली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वैजूला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायची गरजच नव्हती; ती तिथं होती. पण तिच्याशीही सात वर्षांत या विषयावर एक शब्द बोललेलो नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या घरी जेवायला येत नाही म्हणून.

आधी वैजूबद्दल सांगू दे. मला तिचा फार अभिमान आहे. आणि—हो, मी वेळ काढतोय. कळतंय मला.

आम्ही आयर्लंडमध्ये, एनिसला राहतो. मी शॅननला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वैजू कराडची. लग्न होऊन माझ्यामागून इथं आली, कागदोपत्री माझ्यावर अवलंबून म्हणून. दोन वर्षं घरात बसली, मग कपडे आल्टर करून द्यायचं छोटं दुकान टाकलं. आज आसपासच्या मुलींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे तिच्या हाताखालून जातात. आयरिश बायका तिला आपल्या घरातली भांडणं सांगतात, आणि ती टाचण्या तोंडात धरून इथल्यासारखं 'ग्रँड, ग्रँड' म्हणत ऐकते.

दुकानात जायला म्हणून तिनं एक जुनी सायकल घेतली. खरं तर घरात सायकलवाला मी. पुण्यात वाढलेला, महागडी सायकल, घट्ट कपडे, सगळा थाट. पण आमच्या क्लेअर जिल्ह्यातले रस्ते अरुंद. दोन्हीकडून झुडपांच्या भिंती, आणि वळणावर अचानक ट्रॅक्टर. मी वैतागून परत यायचो, ती भिजून परत यायची आणि उद्याचं बोलायची. एक दिवस तिनंच शोधून काढलं—दक्षिण स्पेनच्या डोंगरात जुन्या रेल्वेमार्गाचे सायकलरस्ते केलेत. एक मोटार नाही. तिनं निवडलेल्या मार्गावर तर कधी रेल्वेच धावली नव्हती. पूल बांधले, बोगदे खोदले, स्टेशनं उभारली, आणि गाडी आलीच नाही. “आपल्यासाठीच ठेवलाय बघा,” ती म्हणाली.

आम्ही वसंतात गेलो. बरोबर माझा मित्र अविनाश, पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे तो. काय रस्ता होता! चढ असा नाहीच. रेल्वेला चढ झेपत नाही ना. दोन्ही बाजूंना टेकड्यांवर ऑलिव्हची झाडं ओळीत, खाली नदी, समोरच्या कड्यावर गिधाडं पंख पसरून तरंगतायत. आणि आवाज फक्त टायरखालच्या खडीचा. वैजू हँडल सोडून दोन्ही हात पसरून चालवत होती. पंचेचाळिशीची बाई! इथल्या रस्त्यावर तिला कधी तशी बघितली नव्हती.

आणि बोगदे. एकामागून एक. छोटे होते तोवर ठीक होतं. पलीकडचा उजेड दिसायचा.

अविनाश पुढं निघून गेला होता. लांबचा बोगदा आला. आत माणूस शिरला की आपोआप दिवे लागतात तिथं. त्या दिवशी लागले नाहीत. मी माझा सायकलचा दिवा एनिसला घरीच ठेवला होता—दिवसाढवळ्या कशाला? वैजूनं शिलाई मशीनजवळची छोटी बॅटरी आणली होती, त्यावरून मी सकाळीच तिची टिंगल केली होती. मी तसाच आत घुसलो. बोगदा वळला. मागचा उजेड गेला, पुढचा नव्हताच.

तुम्हाला कधी असं झालंय? पाय आपलेच, पण ऐकत नाहीत. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं. मी सायकल टाकली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसलो. पाणी मानेवर ठिबकत होतं, पण सरकता येईना. मी रडत होतो. 'आई, आई' म्हणत होतो. तेव्हा पन्नाशीला टेकलेला माणूस मी.

वैजू मागून आली. बॅटरीचा एवढासा उजेड माझ्या तोंडावर पडला आणि तिनं तो लगेच जमिनीकडे वळवला. का, ते मला नंतर कळलं. माझं तोंड तिला बघायचं नव्हतं—म्हणजे, तिनं बघितलेलं मला आवडणार नाही हे तिला ठाऊक होतं.

“अहो, उठा. डोळे मिटा. माझ्या जॅकेटचं टोक धरा आणि मागं मागं या.”

मी धरलं. ती चालत राहिली आणि बोलत राहिली. दुकानात आलेला एक लग्नाचा झगा नव्या नवरीच्या मापाचा कसा करायचा, ते सांगत होती. आधी अस्तर उसवायचं, मग कंबर आत घ्यायची, मग लेस पुन्हा हातशिलाईनं. टाका टाका करत तिनं मला उन्हात आणून बसवलं. पाण्याची बाटली हातात दिली.

आणि परत आत गेली. एकटी. माझी सायकल घेऊन आली. पुन्हा गेली, स्वतःची घेऊन आली. दोन्हींवर कपड्यांच्या जड पिशव्या होत्या. शेवटच्या वेळी बाहेर आली तेव्हा भर उन्हातही तिनं बॅटरी तशीच चालू, घट्ट धरून ठेवली होती. म्हणजे भीती तिलाही वाटलीच होती ना? तरी दोनदा गेली.

आता—आता ते.

पुढच्या जुन्या स्टेशनात कॉफीचं दुकान आहे. तिथं अविनाश वाट बघत होता. “काय रे, एवढा उशीर?”

मी म्हणालो, “वैजू घाबरली रे. अंधारात खालीच बसली. मी आणली कशीबशी बाहेर.”

कुणी विचारलं नव्हतं कोण घाबरलं. टायर पंक्चर झालं म्हटलं असतं तरी चाललं असतं. वैजू ओल्या रुमालानं हातांवरचं ग्रीस पुसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग अविनाशला म्हणाली, “हो, जरा घाबरले मी.”

तिथं संपलं असतं तर? पण मी थांबलो नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात, वाढदिवसांना, दरवेळी मी तो किस्सा रंगवला. तिच्या तोंडी 'आई, आई' घातलं. लोक हसायचे. ती पोळ्या वाढत असायची.

दरम्यान वैजूनं इथल्या मराठी बायकांना सायकल शिकवली. कुणी पस्तिशीची, कुणी साठीची. नऊजणी तयार झाल्या आणि स्पेनला जायचं ठरलं. गावातल्या हॉलमध्ये बैठक होती. सगळ्यांना घेऊन कुणी जायचं? एकजण म्हणाली, “वैजूताई नको बाई, त्या बोगद्यात घाबरतात. दादा, तुम्हीच चला.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक वाक्य पुरेसं होतं. मी हसलो आणि म्हणालो, “येतो की.”

जायच्या आठवडाभर आधी माझा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याला काही झालं नव्हतं. बेत मोडणार असं दिसलं तेव्हा वैजू शांतपणे म्हणाली, “मी नेते.”

तिनं नेलं. त्या लांब बोगद्याच्या मध्यावर बॅटरी घेऊन उभी राहिली आणि नऊजणींना एकेक करून नावानं हाक मारत पार केलं. परत आल्यावर त्या बायका तिच्याबद्दल बोलताना थांबेनात. अभिमानानं माझा ऊर भरून आला; खोटं नाही ते. पण त्यातली एक म्हणाली, “दादा, तुम्ही तर वेगळंच सांगायचात!” आणि मी काय बोललो? “अहो, त्या वेळी मीच तिची भीती घालवली ना.”

हे पहिल्या खोट्यापेक्षा वाईट आहे. पहिलं भीतीपोटी होतं. हे थंड डोक्यानं केलं.

आता ती दर वसंतात बायका घेऊन जाते. क्लेअरमध्ये, लिमरिकमध्ये लोक मला 'वैजूताईंचे मिस्टर' म्हणून ओळखतात, आणि ते ऐकायला मला खरंच आवडतं. या वेळी चौदाजणी आहेत. शिवाय आमची मुलगी इरा. परवा मी त्यांना शॅननला विमानतळावर सोडायला गेलो. इराला मराठी कळतं, पण बोलते इथल्यासारखी. तिनं विचारलं, “बाबा, वॉज आई रिअली दॅट स्केअर्ड?” वैजू शेजारीच पासपोर्ट मोजत उभी होती.

मी म्हणालो, “थोडीशी.”

वैजूनं मोजणी पुरी केली आणि म्हणाली, “चल इरा, रांग वाढतेय.”

मुलीशीही खोटं बोललो. तिच्या आईच्या समोर.

रविवारी त्या परत येतील. गाडीत बसल्यावर, घर यायच्या आत, दोघींना ऐकू जाईल असं मी इराला सांगणार आहे की खाली बसला तो मी होतो आणि दोनदा परत गेली ती तुझी आई. मग अविनाशला फोन करीन, आणि हॉलमधल्या बायकांनाही सांगीन. माफी मागणार नाही. माफी मागितली की वैजू लगेच 'असू दे हो' म्हणते, आणि ते मला सोपं पडतं. नुसतं सांगणार.