डावा हात

वाचनालयातल्या पेपरात आज पहिल्या पानावर दोन राष्ट्रप्रमुखांचा हस्तांदोलनाचा फोटो आहे. गेल्या वर्षी हेच दोघे एकमेकांना धमक्या देत होते. समोरच्या खुर्चीत विनू असता, तर त्याने चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ धरला असता. विनूला जाऊन महिना झाला. "उजवा हात काय, सगळेच देतात रे. डावा कुठंय ते बघ," हे त्याचं नेहमीचं.

मी बघितलं. एकाचा डावा हात कोटाच्या खिशात आहे. दुसऱ्याचा फोटोत आलेलाच नाही. कदाचित तो तिसऱ्या कुणासाठी मोकळा ठेवला असेल. महासत्तांची मैत्री अशी एका हाताची. मग लहान देशांनी कुणाच्या भरवशावर निश्चिंत झोपावं, हे चाळीस वर्षं समोरासमोर बसून पेपर वाचूनही आम्हाला कळलं नाही.

शेवटच्या भेटीत विनूच्या उजव्या हाताला सलाईन लावलेलं होतं. मी निघायला उठलो, तेव्हा त्याने डावा हात पुढे केला.

"डावा आहे," तो म्हणाला. "नीट बघून घे."

मी पुन्हा खाली बसलो आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तो हात सोडला नाही.