बोहारणीला दिलेला कोट

जुने लष्करी कपडे खरे की खोटे हे ओळखण्यात ऐंशीच्या दशकात घाटकोपरमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. बढाई म्हणून सांगत नाही, कारण असल्या विद्येला तेव्हा कुत्रंही विचारत नव्हतं. आठवडाभर बँकेत चेक पास करायचे आणि रविवारी भंगारवाल्यांकडे कुणाची तरी खाकी उलटीपालटी करत बसायचं, असा माणूस लोकांच्या मते वाया गेलेलाच असतो. पण आजोबांचा कोट ट्रंकेत सापडला की त्याच लोकांना मी आठवायचो.

माणूस छाती फुगवून यायचा, कोट टेबलावर पसरायचा आणि आजोबांचा पराक्रम सांगायला लागायचा. मी कोट आधी उलटा करायचो. खोटं करणारा बाहेरून सजवतो आणि आतून आळस करतो. अस्तरातला एक दोरा ओढून त्याला काडी लावायची. सुती दोऱ्याची राख होते, नायलॉन वितळून त्याचा मणी होतो, आणि महायुद्धात कोणी नायलॉनच्या दोऱ्यानं कोट शिवत नव्हतं. मग वास घ्यायचा. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कोट कितीही वाळवला तरी काखेत चहाच हुंगायला मिळतो. छातीवरच्या रंगीत फिती उचलून बघायच्या. त्याखालचं कापड भोवतीच्या कापडाइतकंच विटलेलं असलं, तर फीत परवाच शिवलेली. "आजोबांना हा कोट नातवानंच शिवून दिलेला दिसतो," असं मी तोंडावर सांगायचो. माणसं चहा अर्धा टाकून उठायची. मला त्याचं काही वाटायचं नाही.

खरं म्हणजे मला या कपड्यांची हौस कधीच नव्हती. मी यात पडलो तो रागानं.

वडील मालवणकडचे. महायुद्धात शिपाई होते. सुटून आले ते जाड लोकरीचा एक ओव्हरकोट घेऊन, आणि पुढे जन्मभर गिरणीच्या फाटकावर तोच घालून पहारा केला. चाळीतल्या आमच्या खोलीत देवाच्या खालोखाल मान त्या कोटाचा. उजव्या खिशापाशी विडीनं जळून भोक पडलं होतं. खाकी दोरा मिळाला नाही म्हणून आईनं ते काळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. लहानपणातली माझी सगळ्यात लाडकी आठवण त्या कोटाचीच आहे. आई तो कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून गॅलरीत ताठ उभी आहे आणि आम्ही पोरं रांगेनं पुढून जात तिला सलाम ठोकतोय. एवढी मजा आमच्या घरात क्वचितच व्हायची.

वडील गेले तेव्हा माझी बदली नागपूरला झालेली होती. दिवस उरकून मी परत गेलो. नंतर मुंबईला आलो तोवर चाळीतली खोली विकून दादा मुलुंडच्या फ्लॅटमध्ये गेला होता, आई त्याच्याकडे होती आणि कोट कुठेच नव्हता. विचारलं तर वहिनी म्हणाली, "बोहारणीला दिला. कसर लागली होती त्याला." जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत दारोदार फिरणारी बोहारीण. म्हणजे बापाच्या जन्माच्या बदल्यात घरात एक भांडं आलं. त्या दुपारी मी वहिनीला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दादा मध्ये पडला, त्यालाही सोडलं नाही. आईला तिच्या ट्रंकेसकट आणि चार भांड्यांसकट घाटकोपरला माझ्या दोन खोल्यांत घेऊन आलो आणि मुलुंडला जाणं बंद केलं. आई काहीच बोलली नाही. तिला माझं पटलंय असं मी धरून चाललो.

तो कोट शोधता शोधता दुसरेच कोट घरी येत गेले. खोटा कोट गळ्यात पडू नये म्हणून खरा ओळखायला शिकलो. मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. कपाट भरलं, मग कॉटखालच्या पेट्या भरल्या. पावसाळा सरला की मी सगळे कोट काढून गॅलरीत ऊन द्यायला टांगायचो. त्या दिवशी आई सकाळीच शेजारणीकडे जाऊन बसायची आणि संध्याकाळी, कोट आत गेल्यावर यायची. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं डोकं दुखतं म्हणायची.

अंधेरीला स्टुडिओंना कपडे भाड्यानं देणारा एक ड्रेसवाला होता. त्याच्या गोदामात राजे, पोलीस, डाकू आणि सेनापती एकाच दांडीवर लटकायचे. एका रविवारी त्याचा निरोप आला म्हणून गेलो. त्यानं कोपऱ्यातला एक ढीग पायानंच पुढे सरकवला.

"हा माल ओरिजिनल आहे यार, पण काय कामाचा नाय. हिरोला जड पडतो, गरम होतो. मागच्या गर्दीत मरणाऱ्या सोल्जरना घालतो."

वरून तिसरा कोट मी उचलला. उजव्या खिशापाशी काळ्या दोऱ्याचं रफू होतं.

हवी असलेली वस्तू समोर आली की डबल संशय घ्यावा, हा माझाच नियम. मी दोरा जाळला, राख झाली. बटणांवरचं चिन्ह पॉलिशनं झिजलेलं. खांद्यावर बंदुकीच्या पट्ट्यानं लोकर गुळगुळीत झालेली. मापही वडिलांचंच वाटत होतं. छातीवर लाल रंगाचा एक सुकलेला डाग होता, तो सिनेमातल्या रक्ताचा. कोट खरा होता हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. पण तो कोणाचा हे सांगणारं जगात एकच माणूस होतं. आईनं हो म्हटलं की तो कोट घेऊन तडक मुलुंड गाठायचं आणि वहिनीच्या पुढ्यात टाकायचा, हे अंधेरीहून येताना पक्कं ठरवलं. काय बोलायचं तेही जुळवत होतो.

आई लसूण सोलत होती. मी कोट तिच्या समोर पसरला.

"बघ, ओळखतेस?"

तिनं तो हातात घेतला नाही. रफूवर नुसतं एक बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

"माझोच दोरो."

"म्हणजे बाबांचाच?"

"तेंचोच," ती म्हणाली. "परत कित्याक हाडलंस?"

परत आणण्यात काय चुकलं ते मला कळेना. ती लसूण सोलतच होती.

"बोहारणीक मियाच दिलंय तो. वयनीन आपल्यावर घेतल्यान. तुका बापाशीचो कोट म्हणजे देव, तू माझ्यावर पिसाळशीत म्हणान."

"पण का दिलास?"

"तुझे बाबा ह्यो माझ्या आंगात घालून माका गॅलरीत उभी करीत. मे म्हयन्यात. आमटीत मीठ जास्त झाला म्हणान. सगळी बटणां लावूक लावीत. हललंय तर परत पयल्यापासून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पोरां सलाम मारीत होतास ना, तेव्हां ते दारात बसान हसत होते."

मी म्हटलं, "आई, बाबांचा कोट आहे गं तो."

"म्हणानच."

तिनं लसणाच्या सालांचा हात झटकला आणि शेगडीवरच्या चहाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. "त्या कोटावर ह्यो टोप घेतलंय. वरसां झाली, तुझी चाय ह्याच्यातच होता. मंगळवारी बोहारीण येता. कोट तिका दी, नायतर माका मुलुंडाक पोचव."

मंगळवारी बोहारीण आली असणार. मी बँकेत होतो, आणि कोट कपाटात होता, कुलूप लावून. दुसऱ्या दिवशी आईच्या निरोपावरून दादा आला आणि तिला घेऊन गेला. ट्रंक नंतर नेऊ म्हणाला. आईनं जाताना शेगडीवरून तो एकच टोप उचलला, पुसला आणि पिशवीत घातला.

लोकांना वाटेल, मी तो कोट नंतर देऊन टाकला असेल. नाही दिला. खरा कोट आहे, मी का देऊ? राग येतो तो याचा की घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. वहिनीनं माझ्या शिव्या मुकाट खाल्ल्या आणि मला तिचा ऋणी करून ठेवलं. आई माझ्या कोटांच्या शेजारी वर्षानुवर्षं झोपली आणि बोलली नाही. मला कोणी सांगितलंच नाही, की मी विचारलं नाही, हा हिशेब मी अजून मांडलेला नाही आणि मांडणारही नाही.

त्या रात्री पावाशी आम्लेट खाल्लं. सकाळी दूध आलं, साखर, पत्ती, आलं सगळं काढून ठेवलं, आणि चहा कशात करायचा ते सुचेना.